तेरवीचे जेवण नेमके कोणाला हवे असते?

मानेवाडा_रिंगरोड (धागाकर्ता)

आमच्या समाज मंडळात गेल्या वर्षी तेरवीच्या जेवणावरून जे घडले ते सविस्तर मांडावे असे बरेच दिवस मनात होते. विषय तेरवीचा असला तरी प्रश्न तेवढ्यापुरता नाही. जी गोष्ट बहुतेकांना मनातून नको असते ती सगळे मिळून वर्षानुवर्षे कशी करत राहतात, आणि करता करता हेच आपले मत आहे असे माणसाला कसे वाटू लागते, याबद्दल इथल्या जाणकारांचे म्हणणे ऐकायचे आहे. शास्त्रात तेरवी कशी सांगितली आहे हा वाद कृपया या धाग्यावर नको.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आमच्याकडे तेराव्या दिवशी गंगापूजन होते आणि त्यानंतर नातेवाईक, शेजारी, ओळखीपाळखीचे, गेलेल्या माणसाच्या कचेरीतले असे सगळे जेवायला येतात. घरातला कर्ता माणूस गेलेला असतो, दवाखान्याचे बिल उसनवारीने भरलेले असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घरातल्या पुरुषांची चर्चा मंडप कुठे टाकायचा, पंगत बसवायची की बुफे लावायचा, गोडात बुंदी की बालूशाही आणि किती पाने धरायची यावर येऊन ठेपते. आमच्या लेआउटमधल्या एका ऑटोचालकाच्या पत्नीने नवऱ्याच्या तेरवीसाठी पतसंस्थेत दागिने गहाण ठेवले. जेवण चांगले झाले. मंडपात असेपर्यंत प्रत्येकाने स्वयंपाकाची तारीफ केली, आणि बाहेर येऊन गाडीला किक मारता मारता त्याच माणसांनी एकमेकांना सांगितले की या बाईने एवढे करायला नको होते.

पुढच्या बैठकीत सचिवांनी प्रस्ताव मांडला. तेरवीला फक्त घरचे आणि बाहेरगावहून आलेले नातेवाईक जेवतील, बाकीच्यांनी भेटून, चहा घेऊन निघावे, आणि हा मंडळाचा नियम म्हणून सर्वांना कळवावा, असा तो प्रस्ताव होता. हात वर करायला सांगितले तेव्हा एकही हात वर गेला नाही. सगळे एका ज्येष्ठांकडे पाहत होते. ते म्हणाले, "आपली काही हरकत नाही, पण समाज ऐकणार नाही." त्यावर माना हलल्या आणि प्रस्ताव बारगळला. ज्या खोलीत समाज बसलेला होता त्याच खोलीत 'समाज ऐकणार नाही' हे वाक्य सर्वांना पटले, याचे मला अजून नवल वाटते.

त्यानंतरच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने चिठ्ठ्यांची कल्पना काढली. नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. तेरवीचे मोठे जेवण असावे असे तुम्हाला स्वतःला वाटते का, हा पहिला. आणि इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना तसे वाटत असेल का, हा दुसरा. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा पहिल्या प्रश्नाला बहुतेकांनी 'नाही' लिहिले होते आणि दुसऱ्याला बहुतेकांनीच 'होय' लिहिले होते. त्या ज्येष्ठांनी काय लिहिले ते कोणाला कळले नाही, कळायला मार्गही नव्हता. नियम त्याच बैठकीत झाला.

मानसशास्त्रात या गोष्टीचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951च्या सुमारास केलेला प्रयोग अनेकांनी वाचलेला असेल. एका कार्डावर एक रेष आणि दुसऱ्यावर तीन रेषा दाखवायच्या, आणि पहिलीच्या लांबीची कोणती ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे. खोलीतला एक विद्यार्थी सोडून बाकी सगळे आधी पढवून ठेवलेले असत आणि 18पैकी 12 फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. एकट्याने बसून हे काम करणाऱ्यांच्या चुका 1 टक्क्याहूनही कमी होत्या. घोळक्यात बसलेल्यांची त्या 12 फेऱ्यांतली सुमारे 37 टक्के उत्तरे चुकली, आणि चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सोडून इतरांचे म्हणणे उचलले. मला यापुढचे दोन तपशील जास्त मोलाचे वाटतात. खोलीत खरे उत्तर देणारा एक जरी सोबती ठेवला तर चुकांचे प्रमाण आधीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येत असे. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहू दिले तर चुका पुष्कळच कमी होत. आमच्याकडे हात वर करण्यात आणि चिठ्ठी लिहिण्यात जो फरक पडला तो याच जातीचा होता.

दुसऱ्या प्रश्नाची करामत वेगळी आहे. सौदी अरेबियातल्या रियाध शहरात 500 विवाहित तरुणांवर केलेला एक अभ्यास 2020मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांना घराबाहेर नोकरी करण्याची मोकळीक असावी का, असे खासगीत विचारल्यावर 87 टक्क्यांनी 'असावी' म्हटले, पण आपल्याच सोबत बसलेल्या इतरांचा पाठिंबा किती असेल याचा बहुतेकांचा अंदाज खूपच कमी निघाला. त्यांतल्या काहींना खरा आकडा सांगितला आणि काहींना सांगितला नाही. ज्यांना सांगितला नाही त्यांतल्या 23 टक्क्यांनी पत्नीचे नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवले, आणि ज्यांना सांगितला त्यांतल्या 32 टक्क्यांनी. कोणालाही उपदेश केला गेला नव्हता. शेजारी बसलेल्याला काय वाटते एवढेच कळवले होते.

आता हे सर्व गाडगेबाबांच्या संदर्भात पाहा. ऋण काढून सण करू नका, हे बाबांनी अख्ख्या वऱ्हाडाला आणि वऱ्हाडाबाहेरही कीर्तनातून आयुष्यभर सांगितले. ऐकणाऱ्यांना ते पटत नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्यांच्या जन्मभूमीत तेरवीसाठी आजही कर्ज निघते. मला वाटते प्रत्येकाला स्वतःपुरते पटले होते, पण शेजारी मान डोलावतो आहे ती टाळांच्या ठेक्याला की सांगितलेल्या गोष्टीला, हे त्याला कळले नव्हते. म्हणून वाटते की समाजसुधारणेत मते बदलण्यावर आपण नको तितका जोर देतो. कित्येकदा मत केव्हाच बदललेले असते आणि ते एकमेकांना माहीत नसते. इतरांचे काय म्हणणे आहे?

सीताबर्डीचा_फिरस्ता

भाऊ, धागा उत्तम आहे. अ‍ॅश यांच्या प्रयोगाबद्दल एक भर घालतो. तो प्रयोग 'माणूस म्हणजे मेंढरू' अशा थाटात सांगायची पद्धत पडली आहे (तुम्ही तसे केले नाही), आणि त्यात सुमारे 63 टक्के उत्तरे बरोबर होती, चौथाई विद्यार्थी एकदाही ढळले नाहीत, हे सांगायचे राहून जाते. 1996मध्ये बाँड आणि स्मिथ या दोन संशोधकांनी 17 देशांत झालेल्या अशा 133 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. व्यक्तीपेक्षा समूहाला महत्त्व देणाऱ्या समाजांत इतरांचे ऐकून चुकण्याचे प्रमाण जास्त आढळले, आणि खुद्द अमेरिकेत ते 1950च्या दशकानंतर उतरत गेलेले दिसले. म्हणजे ही झुकण्याची सवय काळाप्रमाणे आणि स्थळाप्रमाणे कमी-जास्त होते.

तुमच्या मांडणीत मला एक उणीव दिसते. रेषेची लांबी चुकीची सांगितल्याने कोणाचे काही जात नव्हते आणि बरोबर सांगितल्यानेही काही जात नव्हते. तेरवी न घालणाऱ्याचे मात्र जाते. उद्या त्याच्या मुलीसाठी स्थळ आले की चौकशीला येणारी माणसे याच लेआउटमध्ये फिरणार असतात, आणि "घरचे लोक कसे आहेत?" या प्रश्नावर शेजारी क्षणभर गप्प राहिला तरी पुरते. असा माणूस भिडेपोटी वागतो असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तो हिशेब करून वागतो आणि त्याचा हिशेब बरोबर असतो.

मास्तरीण_बाई

धागाकर्त्यांचे म्हणणे 'मनात एक आणि वागण्यात दुसरे' असे दिसते. मला ते अर्धेच पटते, कारण बराच काळ एका रीतीने वागले की मन वेगळे उरत नाही.

मुझफ्फर शेरीफ यांचा 1935मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका दाखवला तर तो हलतो आहे असा डोळ्यांना भास होतो. तो किती हलला याचे प्रत्येकाचे अंदाज सुरुवातीला वेगवेगळे होते; सगळ्यांना एकत्र बसवून विचारल्यावर अंदाज हळूहळू एका आकड्याभोवती आले. पुढे त्याच माणसांना पुन्हा एकट्याने बसवले तेव्हा त्यांनी गटाचाच आकडा धरून ठेवला. तिथे त्यांना कोणी पाहत नव्हते आणि नावे ठेवणारेही कोणी नव्हते, म्हणजे तो आकडा त्यांचा स्वतःचा झाला होता. 1961मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी त्यावर आणखी मजेशीर काम केले. गटात मुद्दाम फुगवलेले आकडे सांगणारी माणसे बसवली, मग त्यांना एकेक करून उठवत जाऊन त्यांच्या जागी नवी माणसे आणली. फुगवणारा एकही खोलीत उरला नाही तरी तो आकडा पुढच्या कित्येक 'पिढ्या' टिकला आणि फार सावकाश विरत गेला. आमच्या घराण्यात अमुक चालत नाही, असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला ती खोली आठवते.

माझ्या नोकरीतला अनुभव सांगते. मी ज्या मराठी शाळेत शिकवत होते तिथे पहिलीचा पट दरवर्षी घसरत गेला. मुलाचे नाव काढायला आलेल्या पालकांना मी कारण विचारत असे. सुरुवातीच्या काळात ते ओशाळून म्हणत, "मॅडम, आमच्या गल्लीतले सगळे लेकरं व्हॅननं जातात, आमचंच एकटं पायी जाते." त्यांना शाळेबद्दल तक्रार नव्हती. हेच पालक दोन-चार वर्षांनी बाजारात भेटले की मराठी शाळेत मुलांची बुद्धी वाढत नाही, असे ठामपणे सांगत. ते खोटे बोलत नव्हते. फी भरून, डबा-व्हॅन करून, घरात कोणाला न समजणारी पुस्तके विकत घेऊन झाल्यावर, हे सर्व आपण गल्लीकडे पाहून केले असे स्वतःला सांगणे जड जाते. त्यापेक्षा शाळाच वाईट होती हे मानणे सोपे. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचा गाभा हाच आहे की वागणे आणि मत जुळेना झाले, आणि वागणे मागे घेता येत नसले, की माणूस मत बदलून घेतो. या पालकांना चिठ्ठी दिली असती तर त्यांनी चिठ्ठीवरही इंग्रजी माध्यमच लिहिले असते.

तेव्हा तुमच्या मंडळात चिठ्ठ्या चालल्या याचे कारण मला असे वाटते की तेरवीचा खर्च दर वेळी नव्याने बोचतो आणि त्याचे समर्थन मनात पक्के बसायला अवसर मिळत नाही. सगळ्या रूढी अशा नसतात.

महालातला

वरच्या गंभीर चर्चेत एक छोटी भर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडून काळी आणि पिवळी मारबत (वाईट ते सोबत घेऊन जावे म्हणून मिरवला जाणारा मोठा पुतळा) निघते, ही प्रथा 1880च्या दशकापासून आहे, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, नेते, महागाई, रस्त्यांचे खड्डे असे काय वाट्टेल ते लिहिलेले असते. जो दुकानदार वर्षभर नगरसेवकासमोर "हो साहेब" करतो तोच त्या दिवशी "घेऊन जा गे मारबत" म्हणून त्याच्या नावाने ओरडतो. सगळे ओरडत असल्याने त्याच्या एकट्याच्या आवाजाची कोणी नोंद ठेवत नाही. गर्दी माणसाला गप्प बसवते असे इथे सगळे लिहीत आहेत. आमच्याकडे वर्षातून एक दिवस तीच त्याला बोलते करते.

इंदोरा_चौक

नागपुरात बसून सामाजिक दबावावर चर्चा चालली आहे आणि दीक्षाभूमीचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा येवल्यात 1935मध्ये केली आणि दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात घेतली. मधल्या 21 वर्षांत विचार तर लोकांपर्यंत पोहोचला होताच. तरी त्या दिवशी जे झाले ते एकेकट्याला घरी बसून करता आले नसते. स्वतः दीक्षा घेतल्यावर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला 22 प्रतिज्ञा दिल्या, आणि त्या सर्वांनी मिळून मोठ्याने उच्चारल्या. त्यांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशीही प्रतिज्ञा आहे, आणि ती या धाग्याच्या विषयाला थेट लागू होते. खेड्यात एखाद्याच घराने श्राद्ध बंद केले असते तर त्याच्यावर भावकीचाच बहिष्कार पडला असता. इथे भावकीच शेजारी उभी राहून तीच प्रतिज्ञा म्हणत होती. मानेवाडाभाऊ, आपण चिठ्ठीचे महत्त्व सांगितले ते मान्य आहे. पण चिठ्ठीत माणूस लपलेला असतो आणि प्रतिज्ञेत तो उघड असतो, आणि मागे फिरणे अवघड व्हावे यासाठी उघडपणाच लागतो. 1956मध्ये दबाव नाहीसा झाला नाही, त्याची दिशा बदलली. आता जुन्या रूढीकडे परत जाणाऱ्याला वस्तीला उत्तर द्यावे लागते.

याची दुसरी बाजूही लिहायला हवी. आमच्याकडे आता तेरवी नसते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. वंदना होते, चार माणसे बोलतात, आणि मग जेवण असते. त्या जेवणाची पाने गेल्या काही वर्षांत वाढत चालली आहेत, आणि खर्च झेपत नसताना तो करणारी घरे मला माहीत आहेत. विधी गेला, श्रद्धा गेली, पण 'इतक्या लोकांना बोलावले नाही तर कसे दिसेल' हे उरले. त्यामुळे या खर्चाचे मूळ धर्मात शोधणे मला व्यर्थ वाटते.

वऱ्हाडची_लेक

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एक साधा प्रश्न विचारते. त्या बैठकीत चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांत बायका किती होत्या? आणि दागिने गहाण ठेवणारी ती बाई बैठकीला होती का?

दबाव सगळ्यांवर सारखा नसतो. नवरा गेलेल्या बाईने मोठी तेरवी केली नाही तर 'नवऱ्याचं काही केलं नाही' हा ठपका तिच्यावर येतो. तिच्या दिरावर येत नाही. तिचे कुंकू कोणी पुसायचे, बांगड्या कोणी फोडायच्या, हे ठरवणाऱ्याही बायकाच असतात, आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक स्वतः त्यातून गेलेल्या असतात. माझ्या आत्याच्या वेळी मी हे पाहिले आहे. जिने बांगड्या फोडल्या ती म्हातारी रडत होती आणि फोडतही होती, आणि बाकीच्या खालमानेने बसल्या होत्या. त्या वेळी कोणी तिचा हात धरला असता तर मला खात्री आहे की सर्वांना सुटल्यासारखे झाले असते. पण हात धरायचा तर प्रेताजवळ, त्या आकांतात, आणि तोही सुनेने. तिथे चिठ्ठ्या कोण वाटणार?

म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे 2022मध्ये जे केले ते मला मोठे वाटते. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव त्या ग्रामसभेने केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठरावाने प्रत्येकीचे मन बदलले असे नाही. पण ऐन वेळी हात धरणाऱ्या सुनेला "ग्रामसभेत ठरलंय" एवढे म्हणता येते. तिला स्वतःचे मत सांगण्याची जोखीम घ्यावी लागत नाही.

कोर्टकचेरी

ताईंच्या मुद्द्याला जोडून कायद्याची बाजू सांगतो. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे. तो 2016चा असून 2017मध्ये अंमलात आला, आणि त्यात 3 वर्षांपर्यंत कारावास किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. जातपंचायतीने वाळीत टाकल्याची प्रकरणे त्याच्या कक्षेत येतात. परंतु तेरवी न घालणाऱ्याला कोणी वाळीत टाकत नाही, कोणी ठराव करत नाही. पुढच्या लग्नाची पत्रिका फक्त त्याच्या घरी पोहोचत नाही आणि विचारले तर "अरे, नजरचुकीनं राहिली" असे उत्तर मिळते. याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणार नाही.

जुनी_शुक्रवारी

मी तेरवीच्या बाजूने आहे आणि तसे उघड लिहितो आहे, कारण या धाग्यावरच आता उलट दिशेचा दबाव तयार झालेला दिसतो.

जेवण आहे म्हणून माणसे येतात. ज्यांनी वर्षानुवर्षे फोन केला नाही असे चुलतभाऊ येतात, एका पंगतीला बसतात, आणि कित्येक घरांतले जमिनीचे अबोले त्याच दिवशी सुटतात. 'फक्त चहा घेऊन निघावे' असा नियम केला की लोक चहालाही येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन हात जोडलेले चित्र टाकून मोकळे होतात. आमच्या अपार्टमेंटमध्ये परवा एक गृहस्थ गेले. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि स्मशानभूमीत खांदे द्यायला घरचे सोडून बोटावर मोजण्याइतके लोक होते. माणसाने दुःखात दुसऱ्याच्या दारात जावे यासाठीही दबाव लागतो. तो काढून घेतल्यावर त्याच्या जागी काय ठेवणार, हे सुधारकांनी सांगावे.

खामल्याचा_काका

जुनी शुक्रवारी यांच्याशी मी सहमत नाही, पण त्यांनी चांगली नस पकडली आहे. मला चिठ्ठ्यांबद्दल वेगळीच धास्ती वाटते. तेरवीच्या बाबतीत बहुमत सुदैवाने चांगल्या बाजूला निघाले. उद्या त्याच मंडळात विचारा की तुमच्या मुलीने जातीबाहेर लग्न केले तर चालेल का, आणि बहुतेकांनी 'नाही' लिहिले तर? आजवर काही जण इतर लोक सुधारले असतील या समजुतीने तरी गप्प बसत होते. आकडा जाहीर झाल्यावर त्यांचीही भीड चेपेल.

कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावातला वीजवापराचा एक प्रयोग 2007मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक घराला त्याचा वापर आणि शेजारपाजारची सरासरी कळवली. जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला हे खरे, पण कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला. सरासरी कळली की दोन्हीकडची माणसे तिच्याकडे सरकतात. कमी वापरणाऱ्यांच्या कागदावर शाबासकीचा हसरा चेहरा काढल्यावर ही वाढ थांबली. तेव्हा आकडा सांगणे पुरत नाही, मंडळाला काय चांगले वाटते हेही त्यासोबत सांगावे लागते, आणि ते कोणी सांगायचे यावर भांडणे होणारच.

मानेवाडा_रिंगरोड (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. जमतील तेवढ्यांना उत्तरे देतो.

वऱ्हाडची लेक, ताई, बैठकीत बायका होत्या, पण निम्म्याहून बऱ्याच कमी, आणि ती बाई नव्हती. ती तेव्हा सुतकातून नुकतीच बाहेर पडली होती आणि मंडळाच्या बैठकीला आमच्याकडे घरातला पुरुषच येतो. या वर्षी बैठकीचे पत्र प्रत्येक घरात दोघांच्या नावे पाठवायचे ठरले आहे. तुमचा हेरवाडचा मुद्दा मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण नियम झाल्यावर आमच्याकडेही हेच दिसले. पहिल्या घराने जेवण दिले नाही तेव्हा त्यांच्या मुलाने प्रत्येकाला "मंडळाचा नियम आहे" असेच सांगितले. आपल्याला परवडत नाही असे त्याला एकदाही म्हणावे लागले नाही.

जुनी शुक्रवारी, आपले म्हणणे मी हलक्यात घेत नाही. त्या पहिल्या तेरवीला माणसे खरोखरच कमी आली. नंतर मंडळाने असे ठरवले की तेरा दिवस रोज संध्याकाळी दोन घरांनी तिथे जाऊन बसायचे आणि येताना डबा न्यायचा. हे सध्या पाळले जाते आणि तेही भिडेनेच पाळले जाते, यात शंका नाही. कोणाची पाळी चुकली की ग्रुपवर विचारणा होते. ज्यांना दबाव या गोष्टीचाच तिटकारा आहे त्यांना हे आवडणार नाही, मला आवडते.

मास्तरीणबाई, मराठी शाळेच्या बाबतीत चिठ्ठ्या निरुपयोगी ठरतील हे मान्य. खामल्याच्या काकांनी विचारलेला आंतरजातीय लग्नाचा प्रश्न मी मंडळात मुळीच विचारणार नाही. ज्या गोष्टीचा निर्णय दोन सज्ञान माणसांचा आहे त्यावर मंडळाचे मत मागणे म्हणजेच मंडळाला तो हक्क देणे. तेरवीचा प्रश्न वेगळा होता, कारण जेवायला मंडळच जात होते.

सीताबर्डीचा_फिरस्ता

चिठ्ठीचा मजकूर आणि पद्धत इथे टाकता का? आमच्या सोसायटीत लग्नातल्या आहेराच्या साड्यांवरून नेमका हाच घोळ आहे.

मानेवाडा_रिंगरोड (धागाकर्ता)

मजकूर असा होता: "1. तेरवीला बाहेरच्यांसाठी मोठे जेवण असावे असे तुम्हाला वाटते का? 2. या बैठकीतल्या बहुतेकांना तसे वाटत असेल का?" दोन्हींपुढे होय आणि नाही छापून घ्या आणि फक्त खूण करायला सांगा, कारण मंडळात एकमेकांचे अक्षर ओळखणारे असतात. सर्वांना एकाच रंगाचे पेन द्या. चिठ्ठी सारखीच दुमडून डब्यात टाकायची आणि सगळ्या आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. मोजणीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस बसवा, नाहीतर नंतर कुजबुज होते. दुसऱ्या प्रश्नाचा निकाल आधी वाचून दाखवा आणि पहिल्याचा त्यानंतर. उलट क्रमाने वाचला तर लोक आपण मुळात काय धरून चाललो होतो ते सोयीस्करपणे विसरतात. आणि साड्यांचा विषय असेल तर चिठ्ठ्या बायकांकडूनच भरून घ्या. आहेराची यादी पुरुष करत नाहीत.